सरदारणीची साक्ष

आमच्या राजदूतनं एक म्हैस वाढवली आहे. हे मी राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी माझा रक्तदाब परत एकदा बघितला. तुम्ही तसं करू नका. गंगावेशीत कुणालाही विचारा, खरं की खोटं ते. फक्त जयसिंगला विचारू नका. त्याची म्हैस दरवर्षी माझ्या म्हशीच्या मागं राहते, त्यामुळे त्याच्या बोलण्यावर जाता येत नाही.

झालं असं, की बारा वर्षांमागं मार्गशीर्षात आमची एक म्हैस व्याली आणि तासाभरात गेली. मागं राहिली तिची पारडी. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. बाटलीनं पाजलं, पिईना. बोटाला दूध लावून चाटवलं, चाटेना. दुसऱ्या म्हशीखाली लावली, तर त्या म्हशीनं लाथ घातली. मी नुकताच रतीब घालून आलो होतो. राजदूत, म्हणजे माझी जुनी फटफटी, गोठ्यातच उभी होती आणि सुरूच होती. कारण मी आणि ती, दोघंही त्या वयात आलो होतो, की एकदा बसलं की परत उठायला चार माणसं लागतात. तर पारडी थरथरत उठली, इंजिनाच्या उबेला जाऊन उभी राहिली आणि पेट्रोलच्या टाकीला खालून ढुशा द्यायला लागली. कासेला देतात तशा. मी गुपचूप दुधाची बाटली हँडलला उलटी बांधली. पारडीनं ती एका दमात संपवली आणि हेडलाइटकडं बघून शेपटी हलवली.

पुढं तीन महिने सकाळ-संध्याकाळ हाच कार्यक्रम. आधी किक, मग बाटली. लोकांचं पेट्रोल हिंडण्यात जातं, माझं लेकरू वाढवण्यात गेलं. मोठी झाल्यावर तिची चाल बघून बायडाबाईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, तिचं नाव सरदारीण ठेवलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कोल्हापुरात दिवाळी पाडव्याला म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ, शिंगांना मोरपिसं, आणि म्हैस रस्त्यावर उभी करायची. मग मालकानं आपल्या मोटरसायकलचा सायलेन्सर काढायचा आणि गाडी पुढं दामटायची. म्हैस मागनं पळत येते. दावं नाही, काठी नाही. पन्नास गाड्या एकदम फटफटत असल्या तरी म्हैस आपल्याच गाडीचा आवाज धरते. बाकीच्यांच्या म्हशी हे शिकवल्यावर करतात. सरदारणीला शिकवावं लागलं नाही. ती आईच्या मागं पळायची.

आणि नुसतं पाडव्यालाच नाही. रोज संध्याकाळी मी कोपऱ्यावर वळलो, राजदूतचा आवाज आला, की ती पान्हा सोडायची. बायडाबाई आवाज ऐकून बादली सरकवायची. एकदा मी कागलला लग्नाला गेलतो. परत निघालो, वारा दक्षिणेचा होता, तर मी उजळाईवाडीला पोचायच्या आत इकडं सरदारीण पान्हावली. बायडाबाई म्हणते, त्या दिवशी धारेची वेळच झाली होती. असेल. मी शास्त्रात शिरत नाही.

एवढं सगळं चांगलं चाललं होतं, आणि सरकारनं ठरवलं की जुन्या गाड्यांना नवीन नंबर प्लेट पाहिजे.

आमचा मुलगा पृथ्वीराज शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत इंजिनियर आहे. त्यानं यंदा विजेवरची मोटार घेतली. मोटार चांगली आहे, पण तिला ठेवायला जागा नाही. ती गल्लीत उभी असते आणि तिची चार्जिंगची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतनं आत येते, चुलीवरनं जाते आणि फ्रिजच्या मागं लावलेली आहे. बायडाबाई तिच्याखाली वाकून भाकरी थापते. त्यामुळे पृथ्वीराजचा डोळा गोठ्यावर होता.

"आबा, बारा वर्साची म्हैस झाली. आता किती दिवस ठेवायची?"

"तुझी आई पासष्ट वर्साची हाय. तिला इचारू?"

"तसं न्हाय ओ. कागलचा एक व्यापारी हाय, चांगल्या ठिकाणी देतो म्हणतोय. गोठ्यात गाडी लागंल, चार्जर भितीवर बसंल."

शेवटी भांडून भांडून एक ठरलं. यंदा पाडव्याला सरदारीण पळाली आणि दूध देत राहिली, तर गोठा तिचा. नाही पळाली, दूध आटलं, तर व्यापारी येणार. मी लगेच हो म्हणालो. राजदूत असेपर्यंत ती आटणार कशी? त्यावेळी पाडव्याला तीन आठवडे होते.

दुसऱ्याच दिवशी पृथ्वीराज मोबाइल घेऊन नंबर प्लेटच्या मागं लागला. पोरगा वाईट नाही. गोठा पाहिजे, पण बापाला दंड व्हायला नको. पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला. पोर्टल म्हणालं, अशी गाडी अस्तित्वात नाही.

"बाहेर उभी हाय म्हणावं," मी म्हटलं.

"त्याला दिसत न्हाय आबा."

"मग फोटो काढून पाठव की."

फोटो पाठवला. पोर्टल म्हणालं, फोटो मोठा आहे. लहान केला. म्हणालं, फोटो अस्पष्ट आहे. तिसऱ्यांदा पाठवला, तर म्हणालं, तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा, यातल्या ज्या चौकोनांत मोटरसायकल दिसते ते दाबा. नऊ चौकोनांत नऊ मोटरसायकली दाखवल्या, आणि माझी एकटीच त्याला दिसत नव्हती! मग म्हणालं, ओटीपी पाठवला आहे. आम्ही दोघं आठ दिवस मोबाइलकडं बघत बसलो. ओटीपी काही आला नाही.

ज्या ऑफिसात हे काम होतं तिथं गेलो. त्या ऑफिसचं नाव मी घेत नाही. नाव घेतलं की तिथला सर्व्हर बंद पडतो असा माझा अनुभव आहे. तिथं म्हणाले, "ऑनलाइन करा." ऑनलाइन केलं तर पोर्टल म्हणालं, "कार्यालयात संपर्क साधा." चार खेपा झाल्या. मी आणि राजदूत त्या ऑफिसच्या दारात इतके उभे राहिलो, की तिथला चहावाला मला विचारायला लागला, "तात्या, बदली होऊन आलाय काय?"

पाचव्या खेपेला, ऑफिसातनं परत येताना, चौकात शिट्टी वाजली. नवी प्लेट नाही, वर सायलेन्सर ढिला. खरं सांगायचं तर सायलेन्सर मीच ढिला ठेवायचो, सरदारीण पारडी होती तेव्हापासनं बारा महिने. पोलिसानं हातातल्या यंत्रावर नंबर टाकला आणि यंत्रानं एका क्षणात माझं नाव, पत्ता, गाडीचा रंग, सगळं बाहेर काढलं.

"ह्येला कशी सापडली?" मी विचारलं. "प्लेट मागितली तर गाडी न्हाय म्हणतंय!"

"दंडाचं मशीन येगळं असतंय, पावणं," पोलीस म्हणाला. आवाजात खरी सहानुभूती होती. मग गाडी टेम्पोत चढवली आणि त्याच ऑफिसच्या मागच्या आवारात नेऊन टाकली.

त्या संध्याकाळी मी चालत घरी आलो. बायडाबाई बादली धरून बसली होती. सरदारीण कोपऱ्याकडं कान लावून उभी. मी आलो तसं तिनं माझ्या मागं बघितलं. परत बघितलं. मग तोंड फिरवलं. बायडाबाईनं सडाला हात लावला, थेंब नाही.

"पान्हा चोरलाय," ती म्हणाली. "गाडी कुठाय?"

मी सांगितलं. तिनं रिकामी बादली पालथी घातली. 

दोन दिवस नुसतं बळंबळं तांब्याभर काढलं. अशी म्हैस चार-सहा दिवस अडली की आटतेच. तिसऱ्या दिवशी पृथ्वीराज म्हणाला, "आवाजच पायजे न्हवं? आवाज हाय की." त्यानं इंटरनेटवरनं राजदूतचा आवाज शोधला आणि एका डबीएवढ्या स्पीकरवर लावला. सरदारणीनं कान टवकारले. बायडाबाईनं बादली सरकवली. मी देवाचं नाव घेतलं. आणि एवढ्यात आवाज थांबून एक बाई केसगळतीवरच्या तेलाबद्दल बोलायला लागली. सरदारणीनं स्पीकर पायाखाली घेतला. तेलाची बाई शेणात गेली, तरी तिथनं बोलतच होती.

मग पृथ्वीराज म्हणाला, गाडीची सवय लावू. विजेवरची मोटार गोठ्याच्या दारापर्यंत आणली. ती इतकी गुपचूप येते, की सरदारणीला कळलंच नाही. वळली तर समोर मोटार! ती दचकली, मोटार तिच्याहून जास्त दचकली. आतली बाई इंग्रजीत ओरडायला लागली, समोर अडथळा आहे, समोर अडथळा आहे. ब्रेक आपोआप लागले, आरसे आपोआप मिटले, दारं आपोआप बंद झाली आणि पृथ्वीराज आत अडकला. म्हैस काच चाटत उभी. अर्धा तास असा गेला.

"ह्या गाडीला चाबूक पायजे का चार्जर, त्ये आदी ठरवा," बायडाबाई म्हणाली.

शेवटी मीच उपाय केला. सांगायला लाज वाटते, पण केला. दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढं केले, गाल फुगवले आणि फट् फट् फट् फट् करत कोपऱ्यावरनं गोठ्यापर्यंत पळत आलो. सत्तराव्या वर्षी. गिअर बदलल्याचासुद्धा आवाज काढला. जयसिंग कट्ट्यावर बसला होता.

"गुंडू, अॅव्हरेज किती देतोस रं?" तो ओरडला. "आन् धूर लई मारायलाईस! पीयूसी काढलीस का?"

सरदारणीनं माझ्याकडं बघितलं आणि अर्धा लिटर दूध दिलं. तो पान्हा नव्हता. ती कीव होती.

पाडव्याला चार दिवस राहिले होते. व्यापाऱ्याचा फोन येऊन गेला होता. पृथ्वीराज दारात उभा राहून "बघू, पाडवा होऊ दे" म्हणत होता आणि माझ्याकडं पाठ करून होता.

मी ऑफिसात गेलो. नंबर प्लेटच्या टेबलावर आता तेजस्वी मॅडम म्हणून एक तरुण अधिकारी आल्या होत्या. कागलकडच्या, शेतकऱ्याघरच्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. सहा खेपांत ऐकून घेणारं हे पहिलंच माणूस, त्यामुळे मला आणखीच राग आला.

"तात्या, गाडी सोडवायला नवी प्लेट पायजे," त्या म्हणाल्या.

"मग द्या."

"प्लेटला रेकॉर्ड पायजे. रेकॉर्ड करायला गाडी तपासायला पायजे."

"मग तपासा."

"गाडी जप्त हाय. सोडवून आणा, मग तपासतो."

मी खुर्चीत बसलो. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

"एक वाट हाय," त्या म्हणाल्या. "जप्तीतल्या गाडीची आवारातच ओळख पटवायची. पर तुमची जुनी नंबरची पाटी टेम्पोत चढवताना पडलीया, आन् चासी नंबर पार गंजलाय. आवारात तसल्या तीन राजदूत हायत. तुमची कुठली, ह्ये सांगणारा साक्षीदार पायजे. घरातला चालत न्हाय."

मी जयसिंगकडं गेलो. चाळीस वर्षं ज्यानं माझी राजदूत पुढं आणि स्वतःची म्हैस मागं बघितली, तो जयसिंग.

"राजदूत?" तो कट्ट्यावर पाय हलवत म्हणाला. "तुझ्याकडं गाडी हुती व्हय?"

"जयसिंग, म्हैस आटंल रं माझी."

त्याचा पाय थांबला. पण पाडवा चार दिवसांवर आणि त्याची म्हैस मोना शिंगं रंगवून तयार. "पाडवा झाल्यावर येतो की," तो म्हणाला आणि चहा मागवला. माझ्यासाठीसुद्धा मागवला, हे सांगायला पाहिजे. मी प्यालो नाही.

घरी आलो तर बायडाबाई सरदारणीचं दावं सोडत होती.

"कुठं?"

"तुमास्नी घरातला न्हाय असा साक्षीदार पायजे न्हवं? हिचं नाव रेशन कार्डावर न्हाय. न्हेवा. मी सांगून सांगून दमलो, ही गाडीला वळकती, ही गाडीला वळकती. तुमी मानसं शोधत बसलाय."

असा मी म्हैस घेऊन निघालो. गंगावेशीतनं बिंदू चौक, तिथनं राजारामपुरी. आणि तुम्हाला सांगतो, सरदारणीला प्लेट नव्हती, विमा नव्हता, मागचा दिवा नव्हता, ती सिग्नल तोडून उलट्या बाजूनं गेली, मधेच थांबून एका क्लासच्या दारात शेण टाकलं, आणि वाटेतल्या तीन शिट्ट्यांपैकी एकही वाजली नाही. मागनं पृथ्वीराज मोटार घेऊन येत होता, चारी दिवे लुकलुकवत. कारखान्यातनं सुट्टी काढून आला होता. "लाज वाटायलीया," म्हणत होता आणि तरी मागं सरत नव्हता.

आवारात तीनशे गाड्या गंजत पडल्या होत्या. तीन राजदूत शिपायांनी ओढून बाहेर काढल्या. तिन्हींवर इतकी धूळ, की मलाही माझी ओळखू येईना. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही. पृथ्वीराजनं बाटलीतनं पेट्रोल ओतलं. अख्खं ऑफिस खिडक्यांत आलं. मॅडम कागद घेऊन समोर उभ्या.

पहिली राजदूत. बावीस किका. फटफटली. सरदारीण गवत शोधत होती.

दुसरी. तीस किका. पृथ्वीराजचा शर्ट भिजला. फटफटली. सरदारणीनं जांभई दिली. म्हशी जांभई देतात. बघत नाही आपण.

तिसरीला मी पाय लावला. माझ्या पायाला तेव्हाच कळलं. सात किका, खोकली, थांबली, आठवी, आणि सुरू झाली. सरदारणीचं डोकं वर आलं. ती सरळ चालत गेली, दोन शिपाई बाजूला फेकले, टाकीला खालून ढुशी दिली आणि तिथंच, सरकारी आवारात, तिच्या कासेतनं धारा सुटल्या. दोन दिवसांचं, तीन दिवसांचं, काय साठलं असेल ते. चहावाल्यानं पळत येऊन पातेलं लावलं. ते भरलं. मग फरशी पुसायच्या नव्या बादल्या आणल्या, त्याही भरल्या. शेवटी पाणी थंड करायच्या मशिनीतली टाकी रिकामी करून लावली. त्या दिवशी ऑफिसात आलेल्या प्रत्येकाला थंड दूध मिळालं, आणि तेवढ्या दिवसात कुणीही तक्रार केली नाही, असं तिथलेच लोक सांगतात.

तेजस्वी मॅडमनी हातातल्या कागदाची घडी घातली. "माणूस खोटं बोलंल," त्या हळू म्हणाल्या. "म्हैस खोटं पान्हावत न्हाय. आमच्या आक्काची म्हैसबी अशीच हुती."

पण आत आलो आणि संगणक आडवा आला. साक्षीदाराचा आधार नंबर टाका. बारा अंकी. त्याशिवाय पुढचं पान उघडेना. मॅडम पडद्याकडं बघत बसल्या. मग खिडकीतनं बाहेर, सरदारणीच्या कानाकडं. गुरांचे डॉक्टर मागं येऊन तिच्या कानात पिवळा बिल्ला मारून गेले होते. सरकारीच. त्यावर नंबर. मॅडमचे ओठ हलत होते. त्या अंक मोजत होत्या. बारा.

त्यांनी पडदा आमच्याकडं फिरवला. "मी चहाला चालले. पाच मिनटं. तुमी काय टाकताय त्ये मला ठावं न्हाय."

पृथ्वीराजनं माझ्याकडं बघितलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा तो हसला. एकेक अंक दाबला. चक्र फिरलं, फिरलं, आणि संगणकानं सरदारीण कबूल केली. माझा ओटीपी अजून आलेला नाही. सरदारणीचा तीन सेकंदांत आला, माझ्याच मोबाइलवर. बिल्ला मारताना डॉक्टरांनी माझा नंबर दिला होता.

प्लेट बसली. गाडी सुटली. फक्त एक अट: सायलेन्सर घट्ट. मॅडमनी स्वतः तो हलवून बघितला आणि हलेना तेव्हा सही केली. राजदूत सभ्य माणसासारखी पुटपुटत घरी आली. कोपऱ्यावर वळलो. बायडाबाईनं बादली सरकवली. सरदारणीनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

तीन दिवस हेच. सायलेन्सर ढिला करावा, तर परत जप्ती. घट्ट ठेवावा, तर म्हैस ओळखेना. मी गाडीकडं बघून बसायचो. सगळे कागद बरोबर झाले होते आणि घरात तांब्याभर दूध होतं.

पाडवा आला. सकाळी शनिवार पेठेत हलगी वाजायला लागली. सरदारणीची शिंगं भगवी-हिरवी, गळ्यात कवड्या, पाठीवर कात्रीनं कोरलेलं नाव. जयसिंगची मोना फटफटीच्या मागं सुसाट गेली. जयसिंग जाताना ओरडला, पण हलगीत ऐकू आलं नाही, बरंच झालं. माझा नंबर आला. राजदूत पुटपुटत पुढं गेली. सरदारीण जागची हलली नाही. कोपऱ्यावर पोलीस उभा होता, यंत्र हातात घेऊन, तोच. आणि लोकांत कागलचा व्यापारी पांढऱ्या टोपीत उभा होता, हे मला तेव्हाच दिसलं.

मी गाडी थांबवली, पिशवीतनं पाना काढला आणि पोलिसाच्या डोळ्यांदेखत सायलेन्सर सोडला. गरम होता. बायडाबाईनं पुढं येऊन तो पदरात घेतला, लेकरू घ्यावं तसा.

"जावा," ती म्हणाली. "दंड झाला तर झाला."

किक मारली. अख्खी पेठ हादरली. मागं वळून बघायची गरज पडली नाही. चाळांचा आवाज आधी मागं होता, मग बाजूला आला, आणि शेवटच्या वळणाला सरदारीण माझ्या पुढं होती. बारा वर्षांत पहिल्यांदा. मी तिच्या मागं, धूर खात.

परत आलो तर पोलीस उभाच. यंत्रावर नवा नंबर टाकत होता आणि कपाळाला आठ्या.

"तात्या, गाडीची मालकीण कोण?"

"मालकीण? मीच की."

"हितं येगळंच दावतंय." त्यानं वाचलं. "नाव सरदारीण. लिंग स्त्री. वय बारा वर्सं. अल्पवयीन मुलीच्या नावावर गाडी ठेवलीया तुमी?"

साक्षीदाराचा रकाना आणि मालकाचा रकाना, संगणकानं आत काय केलं देव जाणे. मी सरदारणीकडं बोट दाखवलं. पोलिसानं बघितलं. पाठीवर कोरलेलं नाव वाचलं. परत यंत्र बघितलं.

"हिचे पालक कोण?" तो नेटानं म्हणाला, नोकरी होती बिचाऱ्याची.

"आई वारली. त्यानंतर ह्याच गाडीनं वाढवली."

त्यानं दंड सरदारणीच्या नावावर फाडला. तीन सेकंदांत माझ्या मोबाइलवर आला.

व्यापाऱ्यानं ते सगळं ऐकलं होतं. तो पृथ्वीराजला म्हणाला, "पावणं, केस लागल्याली म्हैस मी घेत न्हाय. उद्या माझ्या दारात पोलीस यायचं." आणि टोपी सारखी करून गेला. पृथ्वीराजनं त्याला अडवलं नाही. संध्याकाळी बायडाबाईनं दोन बादल्या काढल्या, आणि दुसरी त्यानंच धरली होती.

पुढच्या आठवड्यात मी नाव दुरुस्त करायला ऑफिसात गेलो. तेजस्वी मॅडमची बदली झाली होती. नवीन साहेब म्हणाले, दुरुस्तीसाठी मालकानं स्वतः हजर राहावं. म्हैस घेऊन गेलो. तर म्हणाले, मालक अज्ञान आहे, अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत गाडी कुणाच्या नावावर करता येत नाही, मोडीत काढता येत नाही, काहीही करता येत नाही. अजून सहा वर्षं.

तोवर गोठा हलत नाही. वायर अजून चुलीवरनं जाते आणि बायडाबाई अजून वाकून भाकरी थापते, मला शिव्या देत. परवा पृथ्वीराज चार्जर लावता लावता विचारत होता, "आबा, म्हैस अठरा वर्सं जगती का ओ?"

"गोठ्यात सांगता येत न्हाय," मी म्हटलं. "पोर्टलवरनं मातूर कोण मेल्यालं मी अजून ऐकलं न्हाय."